एकाला क्षय, तपासणी वर्गाची

आज २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. फिलाडेल्फियाहून डॉक्टरकीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाईंचे वय तेव्हा अवघे एकवीस होते. रोगाचे कारण कळले होते, पण गुण देणारे औषध हाती यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ जायचा होता. आज औषध आहे. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि नेमाने घेतले तर साध्या क्षयाचा रोगी सहसा सहा महिन्यांत बरा होतो. तरीही २०२४ या एका वर्षात जगात बारा लाखांहून अधिक माणसे क्षयाने दगावली आणि दर चार नव्या रुग्णांमागे एक भारतातला होता. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचा निर्धार २०१८ मध्ये जाहीर झाला होता. नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ साली दर लाख लोकसंख्येमागे २३७ होते, ते २०२४ पर्यंत १८७ वर आले. हा उतार खरा आहे आणि त्यामागे हजारो आशाताईंची व क्षयरोग कर्मचाऱ्यांची पायपीट आहे. पण मुदत संपली आणि रोग उरला, हेही तितकेच खरे.

आज वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या शाळांतून फेऱ्या निघतील, प्रतिज्ञा होतील, ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’च्या घोषणा घुमतील. त्या घुमाव्यात. आम्हाला मात्र या दिवशी प्रत्येक मुख्याध्यापकाला एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या शाळेतल्या एका मुलाला क्षय झाल्याचे आज कळले, तर उद्या सकाळी तुम्ही काय कराल?

आजार आला म्हणून सगळ्या शाळेची तपासणी करणे रिसोडला नवे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तालुक्यातल्या देगाव येथील निवासी शाळेच्या वसतिगृहात मुलांची सरसकट तपासणी झाली आणि २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. अमरावती, हिंगोली, नांदेड, बुलडाणा अशा वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली ही मुले होती. वसतिगृहाचा परिसर प्रतिबंधित क्षेत्र झाला आणि रिसोडचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. त्या दिवसांत पालकांची झालेली घालमेल तालुका विसरलेला नाही. पण त्या प्रसंगाने एक गोष्ट सिद्ध केली. मनात आणले तर आरोग्य खाते, महसूल खाते आणि शाळा मिळून एका आडगावातल्या शेकडो मुलांपर्यंत झटपट पोहोचू शकतात. मुलांना दवाखान्यात या असे सांगावे लागले नाही, दवाखाना मुलांपर्यंत गेला.

क्षयाच्या वाट्याला ही तत्परता येत नाही, कारण क्षय घाई करत नाही. कोरोना पंधरवड्यात काय ते दाखवून मोकळा होतो. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की बहुतेकांच्या अंगात तो नुसता पडून राहतो. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि त्यातले बरेचसे पहिल्या दोन वर्षांत आजारी पडतात. पाच वर्षांखालच्या मुलांत, त्यातही तान्ह्या बाळांत, हे प्रमाण कितीतरी जास्त असते आणि रोग मेंदूच्या आवरणापर्यंत जाण्याची भीती असते. मोठ्या मुलांत तो हळूहळू डोके वर काढतो. अंगात बारीक कसर राहते, संध्याकाळी अंग कोमट लागते, खाल्लेले अंगी लागत नाही, खोकला जाता जात नाही, मानेला गाठी येतात. जुनी माणसे या गाठींना गंडमाळा म्हणत. यातले एकेक लक्षण इतके साधे असते की पोर परीक्षेच्या जागरणाने वाळले, हवा बदलली, थंड पाणी प्यायले असे म्हणून घरातले महिनामहिना काढतात.

आणि मग एक दिवस निदान होते. नाव फुटते. पुढे काय होते ते आपण सगळे जाणतो. त्या मुलाला मागच्या बाकावर एकटे बसवतात, किंवा ‘बरा होईपर्यंत पाठवू नका’ असा निरोप घरी जातो. इतर आया आपल्या पोरांना बजावतात, त्याच्याजवळ बसू नको, त्याच्या बाटलीतले पाणी पिऊ नको. ही माणसे दुष्ट नाहीत, ती घाबरलेली असतात. पण त्यांची भीती नेमक्या उलट्या दिशेला बघत असते.

याचा पुरावा आपल्याच देशात सत्तर वर्षांपूर्वी तयार झाला. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग केमोथेरपी केंद्राने एक धाडसी अभ्यास सुरू केला. गरीब वस्तीतल्या काही रुग्णांना चांगल्या आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, तर काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात, बायकामुलांत ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा घरी राहिलेले रुग्ण आरोग्यधामातल्यांच्या जवळपास बरोबरीने बरे झालेले होते. त्याहून महत्त्वाचे पुढे दिसले. घरी राहिलेल्या रुग्णांच्या मुलाबाळांना क्षय होण्याचे प्रमाण, रुग्ण घराबाहेर हलवलेल्या कुटुंबांपेक्षा जास्त नव्हते. संसर्ग व्हायचा तो औषध सुरू होण्याआधीच, कुणाला पत्ता नसतानाच्या महिन्यांत होऊन गेलेला होता. या एका अभ्यासाने जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली आणि क्षयाचा रुग्ण घरी राहून बरा होऊ लागला.

शाळेला हे जसेच्या तसे लागू आहे. औषधे नीट सुरू झालेले मूल साधारण दोन आठवड्यांनंतर इतरांना संसर्ग देत नाही. रोग औषधांना दाद न देणारा असेल तर हा काळ डॉक्टर ठरवतात. निदान होऊन औषधे नीट सुरू झालेल्या मुलापासून पुढे वर्गाला फारसा धोका नाही. धोका होता तो गेल्या तीन, चार, सहा महिन्यांत, ते मूल खोकत वर्गात बसले होते आणि कुणीच काही विचारले नव्हते तेव्हा. वर्गाची तपासणी करायची ती त्या महिन्यांमुळे. त्या काळात जंतू आणखी कोणाच्या फुप्फुसात गेला का, एवढेच शोधायचे असते. आजारी मुलाला दूर ढकलून यातले काहीही साधत नाही. उलट ते मूल खचते, शाळा सोडते, गोळ्या सोडते, आणि पुढचा खोकणारा मुलगा ‘मला काही होत नाही’ म्हणू लागतो.

हा शोध उशिरा घेतला तर काय होते, याची उदाहरणे आहेत. २००१ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात क्राउन हिल्स या शाळेत एका विद्यार्थ्याच्या क्षयाचे निदान व्हायला अनेक महिने गेले. नंतर शाळेतल्या हजाराहून अधिक मुलांची तपासणी करावी लागली. दोनशेहून अधिक मुलांना संसर्ग झालेला निघाला आणि साठहून अधिक मुलांना प्रत्यक्ष क्षय. चांगले दवाखाने, प्रत्येक मुलामागे डॉक्टर असलेल्या देशातली ही गोष्ट आहे. २०१७ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात ताओजियांगमधल्या एका माध्यमिक शाळेत क्षय पसरला. तिथे बातमी दडवून ठेवल्याचा आरोप पालकांनी केला आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. शाळेची बदनामी टाळायला जो वेळ घालवला, त्या वेळात आणखी मुले आजारी पडत होती.

आता रिसोडकडे वळू. सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यातला हा तालुका. वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच. पीक निघाले की अनेक घरांतली कर्ती माणसे कामासाठी मोठ्या शहरांत जातात, दाटीच्या खोल्यांत राहतात आणि सणावाराला किंवा पेरणीला परततात. मुले आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात राहून शिकतात. आजोबांच्या जुन्या खोकल्याकडे ‘तो विडीचाच आहे’ म्हणून पाहिले जाते. म्हणून मुलाच्या क्षयाचा तपास वर्गाच्या आधी घरात करावा लागतो. लहान मुलांच्या बेडक्यात जंतू फार थोडे असतात. दहा वर्षांखालचे मूल दुसऱ्याला क्षय क्वचितच देते. पहिली-दुसरीतल्या मुलाला क्षय निघाला, तर त्याला तो कुठल्या तरी मोठ्या माणसाकडून आलेला असतो आणि ते माणूस बहुधा अजून सापडलेले नसते. घरचे आजोबा असतील, शेजारची काकू असेल, शाळेत भात शिजवणारी बाई असेल किंवा स्वतः गुरुजीही असतील. शाळेतल्या तपासणीत शिक्षक, शिपाई, आहार शिजवणाऱ्या ताई आणि रोज मुलांना नेणारा ऑटोवाला यांचाही नंबर लागलाच पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची गोष्ट वेगळी. त्यांना मोठ्यांसारखा फुप्फुसाचा क्षय होतो, ती खोकतात आणि संसर्ग देतात. नववी-दहावीतले मूल आजारी निघाले तर वर्गाकडे तातडीने पाहावे लागते. मानेतल्या गाठीचा क्षय असेल आणि फुप्फुस स्वच्छ असेल, तर वर्गाला त्या मुलापासून काहीच धोका नसतो. त्याला तो कोणी दिला, एवढे शोधावे लागते. हा फरक सांगायचे काम दवाखान्याचे आहे आणि तो मुख्याध्यापकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितला गेला पाहिजे. त्याने अर्धी घबराट जागीच विरते.

तपासणी आतून बाहेर जाते. आधी घर, मग वसतिगृहातली खोली आणि शेजारचे बाक, मग वर्ग आणि शिकवणीचा वर्ग. या आतल्या गोटात अपेक्षेपेक्षा जास्त मुलांना संसर्ग दिसला तरच बाहेरच्या वर्गांकडे जायचे. एकदम बाराशे मुलांना रांगेत उभे करून ‘खोकला येतो का रे’ विचारून सोडण्यात कागद भरतो, मुले तशीच राहतात. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीने याबद्दल दोन गोष्टी ठळक केल्या. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडे गेलेले नव्हते. आणि सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण नुसती लक्षणे विचारून सापडलेच नसते, त्यांना एक्स-रेने पकडले. ही पाहणी पंधरा वर्षांवरील लोकांची होती, पण धडा नववी-दहावीच्या वर्गालाही लागू आहे. एक्स-रेशिवाय तपासणी अर्धी. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आता क्षयरोग मोहिमांत वापरली जातात. असे यंत्र शाळेच्या एका खोलीत दिवसभर बसले, तर रिसोडहून वाशीमला जाण्याचा मुलांचा हेलपाटा आणि आईबापांची बुडालेली मजुरी वाचते.

संसर्ग शोधणाऱ्या त्वचेच्या चाचणीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ती फसते ती वेळापत्रकामुळे. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला कातडीच्या वरच्याच थरात बारीक सुईने औषध टोचतात. लगेच सहा ते दहा मिलिमीटरचा फिकट फुगवटा दिसतो आणि विरून जातो. खरा निकाल ४८ ते ७२ तासांनी वाचायचा असतो. तेव्हा कातडी लाल झाली का, हे मोजत नाहीत. बोटाने चाचपून आतला कठीणपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहतात, दोन्ही कडांना पेनाने खूण करतात आणि हाताच्या आडव्या दिशेने पट्टी धरून मिलिमीटरमध्ये लिहितात. म्हणजे पथकाने शाळेत दोनदा यायचे. गुरुवारी सुई टोचली तर वाचनाचा दिवस शनिवारच्या सकाळच्या शाळेत किंवा रविवारच्या सुट्टीत सापडतो, अर्धी मुले येत नाहीत आणि टोचलेले वाया जाते. सोमवारी टोचा, बुधवारी किंवा गुरुवारी वाचा. एवढे साधे ठरवले तरी तपासणीचा दर्जा बदलेल. जुन्या चाचणीत लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे कधी कधी खोटा फुगवटा येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही नवी त्वचाचाचणी बीसीजीने फसत नाही. शाळांच्या तपासणीत ती मिळावी यासाठी जिल्ह्याने आग्रह धरायला हवा. संसर्ग झाल्यावर चाचणीत तो दिसायला काही आठवडे लागतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. आज नकारार्थी आलेल्या मुलाला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते आणि वर्गावर दोन वर्षे नजर ठेवावी लागते.

चाचणीत संसर्ग दिसला आणि एक्स-रे स्वच्छ असला, तर मूल आजारी नाही. हे वाक्य पालक सभेत तीनदा सांगावे. या देशात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला आहे. त्यातले बहुसंख्य आयुष्यभर धडधाकट राहतात.

एक्स-रेत शंका आली तर जंतू शोधायचा. मोठे मूल सकाळी खोल खोकून डबीत बेडका देऊ शकते. लहान मुले बेडका गिळतात, म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्रव काढावा लागतो. त्यासाठी मूल रात्रीच दवाखान्यात हवे, आई सोबत हवी, सरावलेली परिचारिका हवी. वाशीमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. रिसोडच्या मुलाला याच कामासाठी अकोला गाठावे लागणार नाही, याची व्यवस्था या महाविद्यालयाच्या बालरोग विभागाने मनावर घ्यावी. नमुना हाती आला की तासा-दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही सांगणारी यंत्रे आहेत. त्यातले ट्रूनॅट हे गोव्यात तयार होते. साधने जवळ आली आहेत, मूल त्यांच्यापर्यंत पोहोचवणे राहिले आहे.

यापुढचा अडथळा गोळ्यांचा. संसर्ग आहे पण रोग नाही, अशा मुलाला पुढे क्षय होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देता येते. रोज एक याप्रमाणे सहा महिने आयसोनियाझिड, किंवा दोन औषधांची मात्रा आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. रुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना, क्षय नसल्याची खात्री करून, चाचणीशिवायही हे औषध दिले जाते. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत घरातल्या सर्व संपर्कांचा विचार केलेला आहे. वर्गमित्रांचा निर्णय डॉक्टरांनी मुलागणिक घ्यायचा. आई विचारते, ‘पोरगं चांगलं आहे, मग गोळ्या कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शांतपणे, बसून द्यायला हवे. गोळी कोणी घेतली ते वर्गात खडूने फळ्यावर लिहून चालणार नाही. आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन ती द्यावी.

नाव गुप्त ठेवण्याबद्दल आमचे मत ठाम आहे. कोरोनाच्या काळात बाधितांच्या याद्या गावागावांत मोबाइलवर फिरल्या आणि माणसांना त्याचा त्रास झाला. क्षयाच्या बाबतीत हे मुळीच होता कामा नये. मुलगी आजारी असेल तर तिच्या आईला रोगाइतकीच पुढच्या सोयरिकीची धास्ती असते. बरी झालेली मुलगीही पाहुण्यांसमोर ‘तिला झालं होतं म्हणे’ या कुजबुजीत अडकते. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यापलीकडे नाव जाण्याचे कारण नाही. पालकांना पाठवायच्या पत्रात ‘शाळेत क्षयरोगाची तपासणी आहे, आपल्या पाल्यासाठी संमती द्या’ एवढे पुरते. लहान गावात नाव तरीही कळते, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा शिक्षकाने त्या मुलाला पहिल्या बाकावर, इतरांच्या मधोमध बसवावे. त्या एका कृतीने चाळीस मुले शिकतील ते दहा भाषणांनी शिकणार नाहीत.

पोटाचा प्रश्न यात शेवटी येतो असे मानू नये. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांची पाहणी झाली. ज्या घरांतल्या सर्वांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे मिळाली, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. कुठलेही महागडे औषध नाही, शिधा. तूर पिकवणाऱ्या वाशीम जिल्ह्यात डाळीवाचून मूल क्षयाला बळी पडावे, ही गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये मिळतात. ते वेळेवर खात्यात पडतात का, हे ग्रामसभेत विचारा. निक्षय मित्र होऊन कुटुंबाला शिधा देणाऱ्या व्यापाऱ्यांनी, संस्थांनी फोटो न काढता तो द्यावा. शाळेतला पोषण आहार रोज, भरपूर आणि डाळीसह शिजावा. आणि प्रगतिपुस्तकातले उंची-वजनाचे रकाने अंदाजाने भरू नयेत. तीन महिन्यांत मुलाचे वजन घटले किंवा वाढायचे थांबले, ही क्षयाची पहिली आणि सगळ्यात स्वस्त खूण आहे. ती वर्गशिक्षकाच्या हाताखाली असते.

सरकारकडेही बोट दाखवले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले. एक महिना गोळ्या तुटल्या तर जंतू औषधाला सरावू शकतात आणि ते मूल सहा महिन्यांऐवजी दीर्घ, जाचक उपचारांत अडकू शकते. हा प्रसंग पुन्हा येऊ देणे अक्षम्य ठरेल. शाळांत जाणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाली. शाळा वर्षातून एकदा तपासण्याचे त्यांचे काम क्षयरोग विभागाच्या कामाशी सांधले गेले, तर एक निराळी यंत्रणा उभारण्याची गरजच उरत नाही. ‘क्षयमुक्त पंचायत’ या प्रमाणपत्राबद्दलही एक सावधगिरी हवी. त्यात हजार लोकसंख्येमागे किमान तीस संशयितांची तपासणी आणि एकापेक्षा जास्त रुग्ण नसणे, अशा अटी आहेत. जिथे तपासणी मन लावून होईल तिथे पहिल्या वर्षी रुग्ण जास्त सापडतील आणि प्रमाणपत्र हुकेल. अशा गावाच्या सरपंचाचा सत्कार आधी व्हावा. शाळेत रुग्ण सापडला म्हणून मुख्याध्यापकाला नोटीस गेली, तर पुढचा मुख्याध्यापक खोकला ऐकूनही गप्प बसेल.

या आठवड्यात एक गोष्ट तातडीची आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आहेत. या दिवसांत खोकणाऱ्या मुलाचे आईबाप ‘पेपर होऊ दे, मग बघू’ म्हणतात. पेपर झाले की मे महिन्याची सुट्टी. वर्ग पांगतो, मुले मामाच्या गावी, आईबापांच्या कामाच्या शहरात जातात, दहावीचा वर्ग तर कायमचा फुटतो. विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. मार्चमध्ये सापडलेल्या रुग्णाचे वर्गमित्र एप्रिलअखेर तपासले गेले नाहीत, तर पुढे जवळपास दोन महिने ते हाती लागत नाहीत आणि जूनमध्ये ती तुकडीच अस्तित्वात नसते. म्हणून निदान झालेल्या दिवशीच त्या मुलाच्या वर्गाची, शिकवणीची, वसतिगृहाच्या खोलीची हजेरी उतरवून, पालकांच्या फोन क्रमांकांसह जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांच्या हवाली केली पाहिजे.

रिसोड तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांना आमची विनंती आहे. परीक्षा संपण्याआधी प्रत्येक वर्गात काटा आणून मुलांची वजने घ्या. दोन आठवड्यांपासून खोकणाऱ्या, ताप येणाऱ्या, वाळलेल्या मुलांच्या पालकांना बोलावून जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवा. पालकांनो, शाळेतून तपासणीचे पत्र आले तर संमतीची सही करा आणि मुलाला त्या दिवशी शाळेत पाठवा. तपासणी आणि औषध, दोन्हींना पैसे पडत नाहीत. शंका असेल तर निक्षय मदतवाहिनीचा १८००-११-६६६६ हा क्रमांक फिरवा. तो फोनही मोफत आहे.